डॉक्टर स्क्रीनवर, पण बीपीचा पट्टा कोण बांधणार?

प्रश्न: मॅडम, आईला उपकेंद्रात व्हिडिओवर डॉक्टर दाखवला. असं तपासणं खरं धरायचं का?

धरायचं की. ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवर डॉक्टर दाखवायची सरकारी सेवा, 2019 पासून चालू आहे, तुमच्यासमोर बसलेली सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी घेते, शुगर बघते आणि मग स्क्रीनवरचा डॉक्टर गोळ्या लिहितो. पेशंट समोर बघायलाच हवा असं वाटलं तर डॉक्टरने तसं सांगायचं, हे 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांतच आहे. पण हात लावायला माणूस लागतोच. एका उपकेंद्रात मी बघितलंय, रेंज फक्त खिडकीपाशी म्हणून फोन गजाला टेकवलेला, डॉक्टर विचारतोय सूज दाबल्यावर खड्डा पडतो का, आणि सीएचओ आजीच्या नडगीवर अंगठा दाबून म्हणते, पडतोय सर. ते अर्धं निदान तिचं होतं, आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

प्रश्न: मी आशा आहे. वहीतलं सगळं परत ॲपमध्ये भरा म्हणतात, फोन माझा, रिचार्ज माझा. नाही म्हटलं तर चालेल का?

ताई, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. 2022 मध्ये डब्ल्यूएचओने देशभरातल्या आशांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स अवॉर्ड देऊन गौरव केला, पण कागदावर तुम्ही अजून स्वयंसेविकाच, म्हणजे पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. दिवसभर घरं फिरायची आणि रात्री पोरं झोपली की एन्ट्री करत बसायचं, हे कामच आहे आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत. फक्त एकटीने नाही म्हणू नका, तालुक्यातल्या सगळ्याजणींनी सह्या करून लेखी द्या, त्यात फोन, डेटा आणि एन्ट्रीचे तास वेगवेगळे लिहा आणि पोच घ्या.

प्रश्न: बहीण नर्स आहे, यूकेच्या नोकरीसाठी एजंट तीन लाख मागतोय. शिवाय नातेवाईक म्हणतात इथं गरज असताना कशाला जायचं?

एक रुपया देऊ नका. यूकेच्याच भरती नियमांप्रमाणे एजन्सीने नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नसतात. परीक्षेची फी वेगळी, ती थेट भरायची. डब्ल्यूएचओने 2023 मध्ये 55 देशांची यादी काढली, तिथून नर्स-डॉक्टर उचलून नेऊ नका म्हणून, त्यात भारत नाही. म्हणून इथं नर्सेस भरपूर आहेत असं नाही हो, पण त्याचा भार पोरीच्या डोक्यावर का? जागा न भरणाऱ्यांना विचारा. कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र लवकर सोडलं तर किती पैसे परत द्यायचे ते सहीच्या आधी वाचा, आणि आकडा लिहिलेला नसेल तर सही करू नका.