पूर्वीसारखा कॅरम

“लहानपणी जीव की प्राण असलेला खेळ इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू केला, पण आता त्यात मन रमत नाही. मीच आटलो का?” समुपदेशनासाठी येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. कुणाचे बुद्धिबळ असते, कुणाचा व्यापार, आणि मुंबईच्या चाळींत वाढलेल्यांचा बहुधा कॅरम.

अशाच एका बँक अधिकाऱ्यांची हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. वय 46. गिरगावातल्या गॅलरीत बोरिक पावडरीने बोटे पांढरी होईपर्यंत खेळलेले, गणेशोत्सवात दुहेरीचे बक्षीस मिळवलेले. दिवाळीत त्यांनी हौसेने नवा बोर्ड आणला. तीन रविवारांनंतर तो कपाटामागे गेला.

“साधा कट चुकतो हो मॅडम. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, सगळे तेच आहे. मीच तो राहिलो नाही.”

“तेव्हा किती वेळ खेळायचात?”

“सुट्टीत? आई जेवायला हाका मारून थकायची.”

“आणि आता?”

“तीन रविवार,” असे म्हणून ते हसले खरे, पण त्यांना पटले नव्हते. हिशेब दाखवला की माणूस बदलतो, असे मला तरुणपणी वाटत असे.

पुढच्या भेटीला मी त्यांना जुना स्ट्रायकर आणायला सांगितले. त्यांनी तो रुमालात गुंडाळून आणला आणि मी, जिने आयुष्यात कधी कॅरम खेळला नाही, तिने तो शिकवण्याची गळ घातली. “ढकलायचे नाही, टिचकी मारायची. मनगट टेकवा. बोट मोकळे सोडा.” माझा पहिलाच स्ट्रायकर टेबलावरून थेट फायलींच्या ढिगात गेला.

“होते असे. पहिल्या दिवशी माझा तर गॅलरीतून खाली गेला होता,” ते म्हणाले आणि थांबले. “तेव्हा मला कुणी ओरडले नव्हते.”

“आता कोण ओरडते?”

बऱ्याच वेळाने उत्तर आले, “मीच.”

‘पूर्वीसारखे खेळता आले तर आवडेल’ ही इच्छा आहे आणि ‘तसेच आले पाहिजे’ हा हट्ट आहे. विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी मी हा भेद वर्षानुवर्षे सांगत आले आहे, पण त्या दिवशी तो मला सांगावा लागला नाही, याचे समाधान लपवत नाही.

जुन्या खेळाकडे परतणाऱ्यांनी पहिला महिनाभर 25 गुणांचा गेम मांडूच नये. नुसत्या सोंगट्या घालवाव्यात. बोर्ड कपाटामागे न ठेवता जाता-येता हाताशी राहील असा मांडावा. मुलांना बळेच समोर बसवू नये. जोडीदार मात्र अवश्य शोधावा, कारण ज्याला आपण खेळाची ओढ म्हणतो, तिच्यात बोर्डाभोवतीच्या माणसांचा वाटा बराच मोठा असतो. आणि केवळ खेळातच नव्हे, तर कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, तर कॅरमचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

या गृहस्थांनी विरारला राहणाऱ्या जुन्या जोडीदाराला फोन केला, तेव्हा त्यानेही स्वतःचा कट बसत नसल्याचीच तक्रार केली. रविवारी त्याच्या सोसायटीतल्या सोळा वर्षांच्या दोन पोरांनी या जोडीला हरवले. राणी घेतली होती, पण कव्हर, म्हणजे तिच्यापाठोपाठ घ्यायची आपली सोंगटी, चुकले आणि ती पुन्हा मधोमध ठेवावी लागली, हे सांगताना त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने सगळा बोर्ड आखून दाखवला.