सॅन डिएगोत येतोयस, गॅसलँपमध्ये घर घेऊ का विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न असा की सोरेंटो व्हॅलीत जॉब पक्का झालाय, बायको नंतर येईल, आणि डाउनटाउनच्या गॅसलँप क्वार्टरचे फोटो बघून दोघांनाही तिथेच राहावंसं वाटतंय. माझं ऐकशील तर फिफ्थ अव्हेन्यूवर, म्हणजे गॅसलँपच्या मुख्य रस्त्यावर, भाड्याने घर घेऊ नकोस.

जागा अप्रतिम आहे, या शहरात मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच. १८६७ मध्ये अलोन्झो हॉर्टनने खाडीलगत जमीन घेऊन नवं गाव वसवलं त्यातला हा भाग, मग इथे दारूचे गुत्ते, जुगार आणि वेश्यावस्ती वाढली, स्टिंगरी म्हणायचे त्याला, वाइल्ड वेस्टमधला तो प्रसिद्ध मार्शल वायट अर्प, त्यानेसुद्धा १८८० च्या दशकात इथे जुगाराचे अड्डे चालवलेत, १९१२ मध्ये पोलिसांनी धाड टाकून वस्ती उठवली आणि पुढे कितीतरी वर्षं सगळा भाग रयाच गेलेला होता. १९७० च्या दशकात लोकांनी पाडापाडीऐवजी दुरुस्तीचा आग्रह धरला म्हणून १८८८ ची ती दोन मनोऱ्यांची लुई बँकेची इमारत आज आपल्याला बघायला मिळते, नाहीतर तिथे पार्किंग असतं बहुतेक.

पण आता खाली बार, वर घरं अशी रचना आहे. कॅलिफोर्नियात दारू रात्री २ पर्यंत मिळते आणि मग अख्खी गर्दी एकदम रस्त्यावर येते, तुझ्या खिडकीखाली! त्यात शेजारी पेटको पार्क, बेसबॉलची मॅच असली की गाडी बाहेर काढणं मुश्कील, आणि जुलैत कॉमिक-कॉनच्या (कॉमिक्स-सिनेमावाल्यांचा प्रचंड मेळावा) वेळी तर विचारूच नकोस. शिवाय सकाळी ऑफिसला जाताना ५ आणि ८०५ हायवे एकत्र येतात तिथला ट्रॅफिक रोजचा.

त्यापेक्षा यूटीसीला (युनिव्हर्सिटी सिटी भाग) बघ, ऑफिस जवळ, आणि २०२१ पासून तिथून ब्लू लाइन ट्रॉली (इथली ट्राम) थेट फिफ्थ अव्हेन्यू स्टेशनला येते, म्हणजे शनिवारी जेवायला आरामात जा, गाडी नको की पार्किंग नको, फक्त परतीची शेवटची ट्रॉली आधी बघून ठेव. देशी किराणा मीरा मेसाला मिळतो, तेही लांब नाही.

डाउनटाउनच हवं असेल तर कॉर्टेझ हिल बघ, पण शुक्रवारी रात्री उशिरा त्या गल्लीत जाऊन ये आणि मगच लीजवर सही कर. जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि पार्किंग भाड्यात धरलंय की वेगळं ते लीजमध्ये लिहूनच घे.