घरून पैसे न घेता दिल्लीत सरकारी इंटर्नशिप करता येईल का?

‘मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, दिल्लीतील खर्च घरच्यांना झेपणारा नाही, तरीही केंद्र सरकारच्या एखाद्या मंत्रालयात विद्यावेतनासह इंटर्नशिप करता येईल का?’ असे तुम्ही विचारले आहे. करता येईल, परंतु जाहिरात वाचताना विद्यावेतनाच्या आकड्याआधी राहण्याची सोय कोण करणार आणि पैसे हातात केव्हा पडणार, या दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

विद्यार्थ्यांचे असे अर्ज तपासून देण्याचे काम मी महाविद्यालयात करतो. आमच्या एका हुशार विद्यार्थिनीची दिल्लीतील एका कार्यालयात निवड झाली होती. विद्यावेतन दरमहा १०,००० रुपये होते, मात्र ते काम संपवून अहवाल सादर केल्यावर एकरकमी मिळणार होते. खोलीची अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याचे भाडे तर आधीच भरायचे होते. निवडपत्राच्या दुसऱ्या पानावरची ती ओळ आम्ही दोघांनीही उशिरा वाचली आणि शेवटी तिला नकार कळवावा लागला. त्याची खंत मला आजही वाटते.

म्हणूनच तुमच्या जागी मी असतो, तर सर्वप्रथम महिला व बालविकास मंत्रालयाच्या इंटर्नशिपची जाहिरात शोधली असती. दोन महिन्यांच्या या कार्यक्रमात दरमहा २०,००० रुपये विद्यावेतन असते, शिवाय दिल्लीत वसतिगृहाची सोय आणि जाण्या-येण्याचा प्रवासखर्चही दिला जातो. हा कार्यक्रम २१ ते ४० वर्षे वयाच्या, महानगरांबाहेरच्या शहरांतील आणि ग्रामीण भागातील महिलांसाठी आहे, त्यामुळे तुमचे वय २१ पूर्ण आहे का, हे आधी पाहा.

परराष्ट्र मंत्रालय दरमहा १०,००० रुपये आणि विमानाचे परतीसह भाडे देते, पण राहण्या-जेवण्याची व्यवस्था आपली आपण करायची असते. तिथे सामान्यतः पदवी पूर्ण झालेली असावी लागते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असेल तरच, अर्ज करता येतो. दिल्लीत एखादा नातेवाईक असेल, तर ही संधी अवश्य साधावी. नीती आयोगाचे नाव तुम्हाला अनेक जण सुचवतील. तिथला अनुभव मोलाचा असला तरी ती इंटर्नशिप विनावेतन आहे.

आणखी एक सांगतो, कारण याच ठिकाणी सर्वाधिक अर्ज अडकतात. बहुतेक कार्यालये महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र मागतात आणि मुले ते मुदतीच्या आदल्या दिवशी मागायला येतात, तेव्हा प्राचार्य रजेवर असतात किंवा पत्रावर जावक क्रमांक पडलेला नसतो. तुम्ही जाहिरातीची वाट न पाहता मजकूर आताच विभागप्रमुखांना दाखवून ठेवा, जाहिरात आल्यावर त्यात मंत्रालयाचे नाव आणि कालावधी भरून सही-शिक्का घ्या, आणि बँक खाते स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले व चालू स्थितीत आहे ना, याची शाखेत जाऊन खात्री करून घ्या.