कॉन्फरन्स कॉलचं इंग्रजी: काजूच्या निर्यातीत फोनवर बोलायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: वेंगुर्ल्याजवळच्या काजू कारखान्यात तुम्ही निर्यातीची कागदपत्रं सांभाळता. ईमेल उत्तम लिहिता, पण लंडन, रॉटरडॅम आणि दुबईच्या खरेदीदारांसोबतचा कॉल आता तुम्हाला चालवायचा आहे आणि तिथे तोंड उघडत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

माझं स्पष्ट मत, लावू नका. तिथे स्वतःची ओळख आणि आवडीनिवडी सांगायला शिकवतात. तुम्हाला लागतात ती वीस-पंचवीस ठरलेली वाक्यं: थांबवायची, पुन्हा विचारायची, आकडा पक्का करायची. ती न अडखळता येऊ लागली, तर बाकीचं इंग्रजी मोडकं असलं तरी कॉल नीट चालतो.

आधी वेळेचं बघा. दुपारी ३ चा कॉल जानेवारीत लंडनला सकाळी ९.३० ला असतो, रॉटरडॅमला १०.३० ला, दुबईला १.३० ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास पुढे जातात, दुबईची आणि आपली नाहीत. म्हणजे ऐन काजूच्या हंगामात तोच कॉल लंडनला १०.३० ला येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं. म्हणून निमंत्रणात आणि बोलतानाही 'थ्री पी एम इंडिया टाइम' असंच म्हणा.

सुरुवात लहान ठेवा. 'गुड मॉर्निंग एव्हरीवन, कॅन यू ऑल हिअर मी?' मग 'हू डू वी हॅव ऑन द लाइन?' आणि लगेच 'वी हॅव थ्री पॉइंट्स टुडे: द सेकंड कंटेनर, द प्राइस अँड द क्वालिटी क्लेम. वी नीड थर्टी मिनिट्स.' कुणाला प्रश्न विचारायचा तर नाव आधी, प्रश्न नंतर. नाव शेवटी घेतलंत तर त्या माणसाचं लक्ष तेव्हा जागं होतं आणि प्रश्न पुन्हा सांगावा लागतो.

आता आकडे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. इंग्रजी बोलणारा माणूस ते जोर कुठे पडतो त्यावरून ओळखतो, फिफ्टीनमध्ये शेवटी आणि फिफ्टीमध्ये सुरुवातीला. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो. वीस फुटी कंटेनरमध्ये ५० पौंड वजनाचे ७०० कार्टन धरले तर ३५,००० पौंड माल होतो. भाव पौंडाला ३.१५ डॉलर की ३.५० डॉलर, या एका गोंधळात १२,२५० डॉलरचा फरक पडतो. म्हणून भाव नेहमी दोनदा सांगा, दुसऱ्यांदा अंक सुटे करून: 'थ्री फिफ्टीन. दॅट इज थ्री, पॉइंट, वन, फाइव्ह.' समोरच्याने सांगितलेलाही तसाच परत म्हणा.

ग्रेडचंही तेच. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर, हे त्यांनाही माहीत असतं. पण 'टू टेन' आणि 'टू फॉर्टी' या ग्रेड खराब लाइनवर मिसळतात, आणि एस डब्ल्यूमधला (करपलेले अख्खे गर) एस तर गळूनच जातो. 'स्कॉर्च्ड होल्स' असं पूर्ण म्हणा. लाख, कोटी कॉलवर काढू नका, दहा लाख म्हणजे वन मिलियन. तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या, कारण ४/५ म्हणजे लंडनला ४ मे आणि अमेरिकन माणसाला ५ एप्रिल.

समजलं नाही तर नुसतं 'सॉरी?' म्हणू नका. समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणतो. काय कळलं आणि काय नाही ते तोडून सांगा: 'आय गॉट द क्वांटिटी, बट नॉट द डेट. कुड यू से द डेट अगेन, प्लीज?' लाइन तुटली तर 'यू ब्रोक अप आफ्टर सेकंड कंटेनर.' असं विचारणारी माणसं कमी हुशार वाटत नाहीत, काळजीपूर्वक वाटतात.

आपल्या दोन सवयी महाग पडतात. पहिली, ऐकताना 'येस, येस' म्हणायची. आपल्याला म्हणायचं असतं, ऐकतोय. भावाच्या बोलण्यात ते मान्य केल्यासारखं ऐकू जातं. त्याजागी 'आय सी' किंवा 'ओके, गो ऑन' म्हणा. दुसरी, नकारार्थी प्रश्नाला होकार. 'सो द गुड्स हॅव नॉट लेफ्ट?' याला आपण 'हो, नाही गेला' या हिशेबाने 'येस' म्हणतो, आणि तिकडे माल निघाला अशी नोंद होते. पूर्ण वाक्यात उत्तर द्या: 'नो, दे हॅव नॉट लेफ्ट. दे विल लीव्ह ऑन मंडे.' 'कान्ट' सुद्धा टाळा, शेवटचा ट ऐकू येत नाही. 'कॅनॉट' म्हणा.

बोलणाऱ्याला थांबवायचं तर त्याच्या श्वासाची वाट बघा आणि म्हणा, 'सॉरी, कॅन आय कम इन हिअर?' भावावर दबाव आला की तिथल्या तिथे हो-नाही करू नका: 'लेट मी चेक धिस अँड कम बॅक टू यू बाय टुमॉरो, ट्वेल्व्ह नून इंडिया टाइम.' 'वी विल डू द नीडफुल' कॉलवर कामाचं नाही. कोण, काय, कधी यातलं काहीच त्यात नाही.

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच चाला. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवा: 'इफ आय ड्रॉप, प्लीज कंटिन्यू विथ पॉइंट टू. आय विल डायल बॅक इन.' झूम वापरत असाल तर दुसऱ्या कुणाला को-होस्ट करा, म्हणजे तुमच्याबरोबर कॉल सांभाळायचे अधिकार द्या. फुकटच्या झूमवर कॉल ४० मिनिटांत तुटतो, हेही लक्षात असू द्या. साध्या फोनवरून डायल करून जोडलात तर स्टार सिक्स दाबून म्यूट होतं आणि पुन्हा तेच दाबून उघडतं. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर बोलायचं नसताना म्यूटच राहा. स्पीकरफोन नको, माइकवाला हेडसेट घ्या.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि 'लेट मी रीड बॅक व्हॉट वी अग्रीड' म्हणून ग्रेड, कार्टन, भाव, तारीख एकेक वाचा. मग प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, 'इज दॅट करेक्ट?' सगळे गप्प राहिले म्हणजे मान्य झालं असं धरू नका, कुणीतरी म्यूटवर असतं. तेच मुद्दे त्याच दिवशी मेलने पाठवा. तुमचं लिहिणं चांगलं आहे, त्याचा जोर इथे लागेल.

सरावाला रोज पंधरा मिनिटं पुरेत. जुनं इन्व्हॉइस मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी फक्त ऐकून आकडे लिहून काढा आणि इन्व्हॉइसशी ताडून बघा. जे आकडे चुकतात ते सुटे करून म्हणायची सवय लावा. पहिल्या दोन कॉलना मधलं बोलणं शेठना करू द्या, तुम्ही फक्त सुरुवात आणि शेवटचं वाचन घ्या. तिसऱ्या कॉलपासून क्लेमचा, म्हणजे मालाच्या दर्जाबद्दलच्या तक्रारीचा, मुद्दा तुमच्याकडे घ्या, आणि भावाचा सगळ्यात शेवटी.