मालवणच्या सागरी अभयारण्यात मच्छीमारांचा खरंच सहभाग असतो का?
अधिकृत व्यवस्थापनात फारसा नाही. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं २९.१२ चौ. किमी क्षेत्र अभयारण्य झालं, ते मच्छीमारांच्या विरोधातच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायलाही बंदी येईल ही धास्ती, आणि ती काही खुळी नव्हती.

सहभाग दिसतो तो दुसऱ्याच वाटेने. कासव किंवा व्हेल शार्क जाळ्यात अडकला की जाळं कापून त्याला सोडायचं, मोबाइलवर फोटो-व्हिडिओ काढायचा. फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. राज्यभर २०१८ च्या अखेरीस ही योजना आली. त्या फोटोंतून कोणता प्राणी कुठे, कोणत्या महिन्यात सापडतो याची आयती नोंद अभ्यासकांना मिळते. शिवाय ट्रॉलच्या, म्हणजे यांत्रिक बोटीमागे ओढायच्या जाळ्याला टोकाशी ४० मिमीची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) ठेवायची, म्हणजे बारकी मासळी निसटते. पण निर्णय घेणाऱ्या बैठकीत तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, खुर्ची हवी, नुसतं निमंत्रण नको.