विश्वचषकाचे चित्र सगळीकडे एकच असते, मग वाहिनी नेमके काय करते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आपण पुण्यात पाहिले, आपल्या भावाने तेच लंडनमध्ये पाहिले, आणि फोनवर बोलताना दोघांच्या लक्षात आले की मैदानातील प्रत्येक दृश्य तंतोतंत सारखे होते, तरीही सामना पाहण्याचा अनुभव मात्र वेगळा होता. असे का होते, आणि चित्र एकच असेल तर एवढा पैसा मोजून हक्क घेणारी वाहिनी करते तरी काय? मी मुंबईतील एका क्रीडा वाहिनीच्या ग्राफिक्स विभागात काही वर्षे काम केले आणि आता कोथरूडच्या घरी बसून निव्वळ प्रेक्षक म्हणून सामने पाहते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

मैदानातले चित्र आपली वाहिनी बनवत नाही आणि भावाची वाहिनीही बनवत नाही. ते यजमान प्रक्षेपक, म्हणजे सगळ्या वाहिन्यांसाठी मैदानातले चित्र टिपणारी एकच संस्था, बनवतो. पूर्वी हे काम ज्या देशात स्पर्धा असेल तेथील दूरचित्रवाणी संस्थांकडे असे, आणि त्यामुळे प्रत्येक विश्वचषकाच्या चित्राला त्या त्या देशाची चव असे. 1996 मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने 2002 आणि 2006 च्या स्पर्धांचे अमेरिकेबाहेरचे हक्क किर्च आणि आयएसएल या कंपन्यांना 2.8 अब्ज स्विस फ्रँकना विकले आणि ही पद्धत बदलली. या व्यवहारातूनच पुढे 1999 मध्ये होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस ही कंपनी स्वित्झर्लंडमध्ये उभी राहिली. आयएसएल 2001 मध्ये बुडाली, किर्चने 2002 मध्ये दिवाळे काढले, पण त्यांनी नेमलेला आचारी टिकला आणि 2002 पासून पुरुषांच्या विश्वचषकाचे मूळ चित्र हीच कंपनी तयार करत आली. स्वयंपाक एकाच मुदपाकखान्यात होतो, वाढपी मात्र पंगतीगणिक वेगळे असतात, असे समजल्यास आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

या मूळ प्रसारणाला आमच्या बोलण्यात ‘वर्ल्ड फीड’ म्हणतात. त्यात चित्र असते, मैदानाचा आवाज असतो, गुणफलक आणि खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या असतात, पण समालोचन नसते. 2022 मध्ये कतारमध्ये प्रत्येक सामन्यासाठी 42 कॅमेरे होते. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, परंतु प्रत्यक्ष खेळ चालू असताना आपण बहुतेक वेळ एकाच कॅमेऱ्यातून पाहत असतो. मध्यरेषेच्या सरळीत, प्रेक्षागृहात उंचावर असलेला हा मुख्य कॅमेरा सहसा पश्चिमेच्या बाजूला ठेवतात, म्हणजे उतरते ऊन भिंगात शिरत नाही. महत्त्वाचे बाकीचे कॅमेरेही शक्यतो त्याच बाजूला असतात, कारण पलीकडचे दृश्य मध्येच दाखवले तर डावीकडे धावणारा संघ क्षणात उजवीकडे धावू लागतो आणि पाहणारा गोंधळतो. पलीकडून टिपलेला रिप्ले दाखवताना पडद्यावर ‘रिव्हर्स अँगल’ अशी सूचना येते, ती याचसाठी. रिप्लेच्या आधी आणि नंतर स्पर्धेचे बोधचिन्ह पडद्यावरून सरकते, त्याचेही कारण सोपे आहे: आता जे दिसते आहे ते घडून गेलेले आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळावे.

दिग्दर्शकाचे खरे कसब कॅमेरे किती आहेत यात नसून चालू खेळावरून नजर केव्हा हटवायची यात असते. 2006 च्या बर्लिनमधील अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेरात्सीच्या छातीवर डोके आपटले, तेव्हा चेंडू दुसरीकडे होता आणि चित्रही चेंडूसोबतच होते, त्यामुळे जगातील सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या सामन्यातील सर्वांत गाजलेली घटना लोकांनी प्रथम पाहिली ती रिप्लेमध्येच. मला यात दिग्दर्शकाची चूक दिसत नाही. चेंडू सोडून भांडणाच्या शक्यता शोधत फिरणारा दिग्दर्शक दहापैकी नऊ वेळा गोल चुकवेल. याउलट 12 जून 2021 रोजी युरो स्पर्धेत कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन मैदानात कोसळला तेव्हा चेंडू थांबला होता, खेळ थांबला होता आणि कुठे पाहायचे हा निर्णय पूर्णपणे दिग्दर्शकाच्या हाती होता. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, तरी उपचार सुरू असल्याची आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची दृश्ये जगभर जात राहिली. ब्रिटनमध्ये बीबीसीने नंतर प्रेक्षकांची माफी मागितली. भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि आमच्या घरी जेवणाच्या ताटावर सगळे गप्प झाले होते. अशा वेळी वाहिनीला एकच अधिकार उरतो, तो म्हणजे मूळ चित्र सोडून स्वतःच्या स्टुडिओत परतण्याचा, आणि तो किती लवकर वापरायचा हे तिथे बसलेल्या माणसाच्या धीरावर आणि शहाणपणावर अवलंबून असते. प्रेक्षागृहातील देखण्या तरुणींवर कॅमेरा रेंगाळण्याची जुनी खोडही याच निवडीचा भाग आहे. 2018 मध्ये फिफाच्या अधिकाऱ्यांनीच ती कमी करण्याची जाहीर सूचना केली.

आता वाढप्यांकडे वळते. वाहिनीच्या हातात तीन गोष्टी असतात: समालोचन, सामन्याच्या आधी, मध्ये आणि नंतर चालणारी स्टुडिओतील चर्चा, आणि जाहिराती. ज्यांच्याकडे पैसा असतो त्या वाहिन्या मैदानात स्वतःचे एक-दोन कॅमेरे आणि वार्ताहरही ठेवतात. बाकी सारे याच तीन गोष्टींत येते. यातील जाहिरात हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा भाग आहे.

क्रिकेटमध्ये षटक संपले की जाहिरात लावता येते, गडी बाद झाला की आणखी एक लावता येते. फुटबॉलमध्ये 45 मिनिटे घड्याळ थांबतच नाही. अमेरिकेतील टीएनटी या वाहिनीने 1990 च्या विश्वचषकात चालू सामन्यात जाहिराती घुसवल्या आणि शिव्या खाल्ल्या. 1994 मध्ये स्पर्धा अमेरिकेतच भरली, तेव्हा एबीसी आणि ईएसपीएन यांनी खेळ न तोडता तो दाखवला आणि त्या बदल्यात पडद्याच्या कोपऱ्यात गुणसंख्या, वेळ आणि त्याला चिकटून प्रायोजकाचे चिन्ह ठेवले. गुण आणि वेळ सतत दाखवणारी ती छोटी पट्टी ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्सने 1992 मध्येच आणली होती, पण तिची किंमत वसूल कशी करायची हे अमेरिकेत उमगले. आज ती पट्टी नसेल तर आपल्याला सामना उघडाबोडका वाटतो. आपल्याकडे यावरची पुढची पायरी म्हणजे चित्र आक्रसून खाली आणि बाजूला जाहिरात दाखवणे. हे काम मी स्वतः केलेले आहे, त्यामुळे कबुली देते की कॉर्नर घेण्याची, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू गोलसमोर मारण्याची, तयारी सुरू असताना चित्र आक्रसण्याचा आदेश कानात आला की पोटात गोळा येत असे, कारण गोल नेमका तेव्हाच होऊ शकतो. एकदा मध्यंतरानंतरच्या जाहिराती लांबल्या आणि दुसऱ्या सत्राचे पहिले मिनिट प्रेक्षकांना दिसलेच नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसांना फुटबॉलचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही हे शरीराने कळायला वेळ लागतो, मग ते कागदावर कितीही ठाऊक असो.

समालोचनाबाबत प्रेक्षकांचा एक गैरसमज मला नेहमी आढळतो. आपला हिंदी, बंगाली किंवा मल्याळम समालोचक मैदानात बसलेला नसून बहुतेकदा भारतातील स्टुडिओतच असतो आणि तुम्ही पाहता तेच चित्र त्याच्याही समोर असते. त्यामुळे चेंडूपासून दूर बचावफळी कशी सरकते आहे, कोणता बदली खेळाडू सराव करू लागला आहे, प्रशिक्षक कोणावर ओरडतो आहे, हे तो सांगू शकत नाही. दिग्दर्शकाने चेहऱ्याचे जवळचे दृश्य लावले की त्यालाही फक्त चेहराच दिसतो. मैदानात बसलेल्या इंग्रजी समालोचकाचे बोलणे अधिक भरीव वाटते, यात भाषेचा दोष नाही, खुर्चीच्या जागेचा आहे. मराठीत फुटबॉल ऐकण्याची माझी इच्छा मात्र अपुरीच आहे. आयपीएलला मराठी समालोचन मिळाले. पण 2022 मध्ये कतारच्या विश्वचषकात हिंदी, बंगाली, तमिळ आणि मल्याळम होती, मराठी नव्हती. बंगाल आणि केरळइतका फुटबॉलचा प्रेक्षक आपल्याकडे नाही हा हिशेब मी कार्यालयात अनेकदा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे असे म्हणवत नाही.

वेळेचा हिशेबही दूरचित्रवाणीच ठरवते. 1986 मध्ये मेक्सिकोत अंतिम सामना भर दुपारी 12 वाजता खेळवला गेला, कारण तेव्हा युरोपात लोक संध्याकाळी घरी बसलेले असतात. उन्हात पोळले ते खेळाडू, आणि त्याच निर्णयामुळे पुण्यात तो सामना रात्री साडेअकराला सुरू झाला. आमच्या सदाशिव पेठेतील वाड्यात दूरदर्शनवर मॅराडोना पाहायला चार बिऱ्हाडे एका खोलीत जमल्याचे वडील अजून सांगतात. कतारमुळे मात्र दुपारी साडेतीनपासून रात्री साडेबारापर्यंतच्या वेळा मिळाल्या आणि पहिल्यांदाच आमच्या सोसायटीतील निम्मे लोक सामने मोबाइलवर पाहू लागले. तेव्हा आणखी एक गंमत झाली. मोबाइलवरचे चित्र लहान तुकड्यांत पाठवले जाते आणि अडखळू नये म्हणून काही तुकडे आधी साठवून मग दाखवले जातात, त्यामुळे ते डिशवरच्या चित्रापेक्षा बरेच मागे असते. समोरच्या इमारतीतले काका ‘गोल!’ म्हणून ओरडायचे तेव्हा आमच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असायचा.

आपल्या भावाच्या अनुभवातील सर्वांत मोठा फरक पहिल्याच दिवशी पडला असणार. 20 नोव्हेंबर 2022 रोजी बीबीसी वनने उद्घाटन सोहळा दाखवण्याऐवजी सूत्रसंचालक गॅरी लिनेकर यांच्या निवेदनाने सुरुवात केली आणि कतारमधील स्थलांतरित कामगार, समलिंगी व्यक्तींचे हक्क या विषयांवर चर्चा केली. आपण तोच वेळ सोहळ्याची रोषणाई पाहण्यात घालवला. पंचाची शिट्टी वाजली आणि दोघे पुन्हा एकाच चित्रावर आले. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरच्या एनर वालेन्सियाने गोल केला, तो ऑफसाइड, म्हणजे चेंडू येण्याआधीच बचावफळीच्या पलीकडे असल्याने नियमबाह्य, ठरवला गेला, आणि का ठरवला हे दाखवणारे संगणकीय चित्र मूळ प्रसारणात लगेच आलेच नाही. ते येईपर्यंत कोणाचा पाय कुठे होता याचा अंदाज लंडनमधील तज्ज्ञ आणि मुंबईतील समालोचक सारख्याच गोंधळाने बांधत होते.