नेमबाजीची प्रश्नपेटी : तीन गोळ्यांचा ग्रुप, लँड्सपासूनचं अंतर आणि पॉइंट टू-टूचा लॉट

या वेळी पेटीत आलेली बरीचशी पत्रं हँडलोडिंगची आहेत, आणि बहुतेक अमेरिकेतून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते: उडवलेल्या राउंडची (काडतुसाची) पितळी केस उचलून आणायची, साफ करायची, डायमधून (साच्यातून) काढून परत मापात आणायची, नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) बसवायचा, पावडर तोलून भरायची आणि वर नवी बुलेट दाबायची, झालं. भरलेल्या पावडरचं वजन म्हणजे चार्ज, ते ग्रेन या बारीक मापात तोलतात, सगळ्याची मिळून जुळणी म्हणजे लोड, आणि कागदावर गोळ्यांचा जो पुंजका पडतो तो ग्रुप. तिकडे हा हजारो लोकांचा गॅरेजमधला छंद आहे, भारतात नाही, का ते खाली कोल्हापूरच्या पत्रात येईलच.

ताई, माझी ६.५ क्रीडमूर रायफल आहे, बुलेट १४० ग्रेन, पावडर एच-४३५०. ०.३ ग्रेनच्या पायऱ्या करून प्रत्येक चार्जच्या तीन तीन गोळ्या मारल्या. एका चार्जचा ग्रुप १०० यार्डांवर ०.४ इंच आला, मी खूश, त्याचे शंभर राउंड भरून ठेवले. पुढच्या वीकेंडला तोच लोड १.१ इंच! पावडर खराब झाली का? की बॅरल गेली? — एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

काही खराब झालेलं नाही, तुमची रायफल पहिल्या दिवशी जशी होती तशीच दुसऱ्या दिवशी होती. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर भरवसा ठेवला तिथे गडबड झाली.

बघा, गोळ्या कागदावर पसरतात त्याला गणित आहे. एकाच रायफलने एकच लोड मारत राहिलात तर दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा जास्त येतो, साधारण १.६ पट. म्हणजे तीन गोळ्यांची सरासरी ०.८ इंच असेल तर तीच रायफल दहा गोळ्यांत सव्वा इंचाच्या आसपास जाणार. आणि त्या ०.८ च्या सरासरीत सुटा ग्रुप कधी ०.४ कधी १.२ येणं अगदी रोजचं आहे. फासा तीनदा टाकून दोनदा सहा पडले म्हणून तो फासा भारी ठरत नाही ना, तसंच. त्यात तुम्ही आठ-दहा चार्ज ट्राय केलेत, मग त्यातला एक तरी नशिबाने छोटा येणारच आणि माणूस नेमका त्याच्यावरच बोट ठेवतो.

क्रेटन ऑडेट नावाच्या अमेरिकन नेमबाजाची लॅडर टेस्ट तुम्ही ऐकली असेल. चार्ज थोडा थोडा वाढवत एकेक गोळी लांबच्या टार्गेटवर मारायची आणि कुठल्या दोन-तीन चार्जच्या गोळ्या उंचीला एकमेकींजवळ बसतात ते बघायचं, तिथे 'नोड' आहे, म्हणजे चार्ज थोडा हलला तरी गोळी तिथेच बसते, असं मानायचं. बरीच मोठी माणसं अजून ती करतात, त्यांच्याशी भांडण नाही, पण एका गोळीवरून नोड दिसला म्हणणं मला पटत नाही. तीच शिडी दुसऱ्या दिवशी परत मारून बघा, नोड दुसऱ्याच पायरीवर गेलेला सापडतो बऱ्याचदा.

मग चार्ज टेस्ट कशाला करायची? प्रेशरची हद्द आणि स्पीड कळायला. पावडर आणि बुलेट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जो स्टार्ट लोड दिलाय तिथूनच सुरू करा, आकडा माझ्याकडे मागू नका आणि नेटवर कुणीतरी लिहिलेला तर अजिबात उचलू नका. बोल्ट (राउंड आत बंद करणारा दांडा) उचलायला जड लागला, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा दिसला, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला की थांबा आणि मागे या. नुसत्या प्रायमरवर विसंबू नका, तो कधीकधी फार उशिरा बोलतो. आणि यातलं काहीच दिसलं नाही तरी मॅन्युअलच्या मॅक्सिममच्या वर जायचं नाही.

त्या हद्दीच्या आतले दोन चार्ज निवडा, फार तर तीन. प्रत्येकाच्या दहा तरी गोळ्या, आणि मारताना आलटून पालटून, एक याची एक त्याची, वेगवेगळ्या टार्गेटवर, म्हणजे वारा फिरला, बॅरल तापली, खांदा दुखायला लागला, सगळं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. ग्रुप मोजताना फक्त लांबच्या दोन भोकांमधलं अंतर धरू नका, कारण मग उरलेल्या आठ गोळ्या वायाच गेल्या, त्याऐवजी प्रत्येक भोक ग्रुपच्या मध्यापासून किती लांब आहे त्याची सरासरी काढा, फोनवरची ॲप्स फोटोवरून काढून देतात. मला वाटतं तुम्हाला दोन्ही चार्जमध्ये फरकच दिसणार नाही. मग ज्यात पावडर कमी असेल तो घ्या, बॅरल जास्त टिकेल.

हो, आणि लोडला हात लावण्याआधी स्कोपच्या रिंगचे आणि स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. महिनाभर पावडर बदलत बसायचं आणि शेवटी सैल स्क्रू सापडायचा, असं होतं.

बुलेट लँड्सना टेकवून बसवायची की मागे? आमच्या रेंजवर एक जण म्हणतो जॅम, दुसरा म्हणतो जंप. आणि मोजायचं कुठून? — एडिसन, न्यू जर्सी

लँड्स म्हणजे बॅरलमधले आटे जिथून सुरू होतात ती कड, आणि राउंड चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, जिथे तो बसतो तिथे) असताना बुलेटपासून त्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे जंप. मोजायचं बुलेटच्या टोकापासून नाही, एकाच डब्यातल्या बुलेटची टोकंसुद्धा कमीजास्त असतात. कॅलिपरला कंपॅरेटर लावून ओजाइव्हपासून, म्हणजे बुलेटची गोलाई जिथे बॅरलला भिडते तिथून केसच्या बुडापर्यंत मोजायचं.

जॅमचं, म्हणजे लँड्सना टेकवण्याचं म्हणाल तर बेंचरेस्टवाले (रायफल टेबलावर टेकवून मारणारे) करतात, पण त्यात दोन भानगडी. एक म्हणजे प्रेशर वाढतं, तेव्हा जंपवर बसवलेला लोड तसाच जॅम करायचा नाही, चार्ज उतरवून परत वर यायचं. दुसरी म्हणजे न मारता बोल्ट उघडला की बुलेट बॅरलमध्ये अडकून राहते, केस तेवढी बाहेर येते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये सांडते, मॅच चालू असताना असं झालं की रडू येतं. मॅगझिनमधून खाऊ घालणार असाल तर मॅगझिनची लांबीच तुमचा अर्धा निर्णय करून टाकते.

मी असते तर १० थाउ जंपपासून सुरू करून ४०, ७०, १०० अशा मोठ्या पायऱ्या घेतल्या असत्या. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको. तीन-तीन थाउच्या पायऱ्या करून तीन-तीन गोळ्या मारणाऱ्यांनी वर ऑस्टिनचं उत्तर परत वाचा. लांब नाकाच्या व्हीएलडी बुलेट जंपच्या बाबतीत नखरेल, हायब्रिड आणि साध्या टँजंट आकाराच्या बुलेट बऱ्याच समजूतदार. बुलेट आत आत दाबत नेली की केसमधली जागा कमी होते आणि त्यानेही प्रेशर चढू शकतं, हे लक्षात असू द्या. आणि गोळ्या मारता मारता लँड्स झिजून पुढे सरकतातच, त्यांच्या मागे प्रत्येक वीकेंडला धावू नका, टार्गेट बिघडलं तर बघा.

१०० यार्डांवर माझा लोड अर्ध्या इंचात जातो, दहा गोळ्यांचा सांगतेय, तीनचा नाही! पण १००० यार्डांवर एफ-क्लासमध्ये (टेकू लावून मारायची लांब पल्ल्याची मॅच) वर-खाली पसरतो. काय करू? — सॅन होजे, कॅलिफोर्निया

शाब्बास, दहाचा ग्रुप मारणारी बाई भेटली.

हे स्पीडचं काम दिसतंय. गोळी बाहेर पडतानाचा वेग दर राउंडला थोडा बदलतो, ते १०० यार्डांवर दिसतसुद्धा नाही, पण १००० यार्डांवर ६.५ क्रीडमूरसारख्या लोडला सेकंदाला ३० फुटांचा फरक म्हणजे सात-आठ इंच वर-खाली. तिथल्या एफ-क्लास टार्गेटची दहाची रिंग १० इंचांची आणि एक्स ५ इंचांचा, म्हणजे मधोमध धरलेली गोळीसुद्धा एवढ्याने बाहेर फेकली जाऊ शकते.

आधी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. हल्लीचे रडारवाले रायफलला न चिकटवता बाजूला ठेवायचे, छान काम करतात. वीस-पंचवीस गोळ्यांचा एसडी, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो तो आकडा, बघा, पाच गोळ्यांचा एसडी एक आकडी आला म्हणून पेढे वाटू नका. मग तोलणं: क्रीडमूरच्या आकाराच्या केसमध्ये ०.१ ग्रेन म्हणजे अंदाजे सेकंदाला पाच-सहा फूट. स्वस्त इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्याने, ट्यूबलाइटने, नुसतं गरम झाल्यानेही सरकतो, त्याला अर्धा तास चालू ठेवून मग वापरा आणि मधून मधून चेक वेट ठेवून बघा.

त्यानंतर नेक टेन्शन, म्हणजे केसच्या मानेने बुलेटला किती घट्ट धरलंय. आकार बदलून बदलून पितळ कडक होतं आणि प्रत्येक केसची पकड वेगळी होते, म्हणून लोक मान तापवून अनीलिंग करतात. बुलेट दाबताना हाताला एक राउंड सैल आणि दुसरा घट्ट लागत असेल तर तुमचा वर-खाली तिथेच आहे, घट्ट वाटलेले बाजूला काढा आणि साइटर (मार्कात न धरली जाणारी सुरुवातीची गोळी) म्हणून मारा. केस एकाच लॉटच्या आणि सारख्याच वेळा उडवलेल्या ठेवा. प्रायमरचा ब्रँड बदलूनही एसडी सुधारतो कधीकधी, पण बदललात तर चार्ज उतरवून परत वर या.

तुम्ही पावडर कुठली वापरता ते लिहिलं नाहीत. एच-४३५० आणि व्हारगेट या दोन्ही ऑस्ट्रेलियात बनतात आणि उन्हाथंडीने कमी बदलतात, म्हणून लाँग रेंजवाल्यांच्या लाडक्या आणि म्हणूनच दुकानात कधी मिळत नाहीत. तरी राउंड तापलेल्या चेंबरमध्ये ठेवून वारा थांबायची वाट बघायची नाही, वारा बघा, मग लोड करा. आणि सगळं करूनही थोडं वर-खाली राहील, त्यात मिराज (तापलेल्या हवेची थरथर) असतो, टेकूच्या बॅगवर रायफल कशी बसली ते असतं.

माझी मुलगी ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारते, पॉइंट टू-टू. तिच्यासाठी घरी राउंड भरून अचूकता वाढवता येईल का? यूट्यूबवर बघितलं. — एक पालक, कोल्हापूर

नाही, आणि दोन कारणांनी नाही. पॉइंट टू-टू रिमफायर असते, तिचं पेटणारं मिश्रण केसच्या कडेत भरलेलं असतं, वेगळा प्रायमर नसतोच, एकदा फायरिंग पिनने ती कड चेपली की केस संपली. दुसरं म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, सेंटरफायरचाही, म्हणजे बुडाच्या मध्यात प्रायमर असतो त्याचाही. मुलीचं करिअर सुरू व्हायच्या आधी संपवू नका.

पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे आणि ते म्हणजे लॉट टेस्टिंग. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची दोन खोकी, फक्त लॉट नंबर वेगळा, एक तुमच्या बॅरलला आवडतं आणि दुसरं नाही. कारण कुणी आधी सांगू शकत नाही, मारूनच बघावं लागतं. म्हणून एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांनी टेस्ट रेंज ठेवल्यात, तिथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती क्लॅम्पमध्ये बांधतात आणि एकेक लॉट मारून जो बसेल तो पेट्या भरून घेतात. ५० मीटरच्या टार्गेटची दहाची रिंग १०.४ मिलिमीटर, गोळीच ५.६ ची, आता सांगा लॉटमुळे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर काय राहिलं. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनला ४५१.४ करून ब्राँझ आणलं आणि कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्या लेव्हलला राउंडवर शंका घेऊन मारताच येत नाही.

तुम्ही काय कराल? क्लब किंवा कोचमार्फत तीन-चार लॉटची एकेक-दोन दोन खोकी मिळवा, सपोर्टवर ठेवून प्रत्येकाच्या चाळीस गोळ्या मारा, दहा-दहाचे चार ग्रुप. दोन लॉट बदलताना मधे दहा-बारा गोळ्या सोडून द्या, कारण बॅरलमध्ये आधीच्या लॉटचं ल्युब (गोळीवरचं वंगण) असतं. चांगला निघाला तर त्याच लॉटची सीझनभराची खरेदी एकदम करा, नंतर तो नंबर मिळत नाही. आणि 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं घेऊ नका, मॅचची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला ३२५-३३० मीटर, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी हलते.

बॅरलच्या टोकाला लावायचे ट्यूनर मिळतात, ते सध्या राहू द्या. मुलगी किती दिवस झाले मारतेय ते लिहिलं नाहीत, पण प्रोनमध्ये नुसत्या स्लिंगच्या (रायफल धरलेल्या हाताला बांधायच्या पट्ट्याच्या) ताणाने जेवढे मार्क जातात तेवढे राउंडमुळे सहसा जात नाहीत.

मी एच-वन-बी वर आहे. रायफल घेऊन हँडलोडिंग सुरू करू शकतो का? — फिनिक्स, ॲरिझोना

तुमच्यासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असणं. ते संपलं की अपवादही संपला, आणि राउंड तर घरातच पडलेले असतात, तेव्हा तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागत नाही. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण मित्राला चार पैसे घेऊन भरून देणं म्हणजे धंदा, त्याला लागतं. व्हिसाचा मामला आहे, वकिलाला शंभर-दोनशे डॉलर द्या आणि लेखी विचारा.

उडवलेल्या रिकाम्या केस भाच्याला दाखवायला पुण्याला आणू का? — ह्यूस्टन

नको हो. रिकामी असली तरी विमानतळावर तासन् तास उत्तरं देत बसाल. आणि रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला वापरूच नका, कप्प्यात एक जिवंत राउंड विसरलेला असतो, तो एक्सरेमध्ये दिसतो आणि मग पोलीस स्टेशन. भाच्याला फोटो पाठवा.